डोक्यावरचा दिवा

फोन आला तेव्हा चित्रकार एका पळत्या कुत्र्यामागे रेघा ओढत होता. तीन लांब, दोन आखूड आणि शेपटीपाशी धुळीचा छोटासा ढग. मुलांच्या एका साप्ताहिकाची शेवटची दोन पानं गेली सव्वीस वर्षं तोच काढत होता. जाडा गुप्तहेर आणि त्याचा मरतुकडा कुत्रा यांना त्याने इतकं पळवलं होतं की या रेघा तो डोळे मिटूनही ओढू शकला असता.

फोनवर लाँड्रीचा मॅनेजर होता.

"तुमच्या त्या चित्रांसंबंधी जरा बोलायचं होतं. तशी काळजी करण्यासारखी गोष्ट नाही. एका बाईचा हात भाजलाय."

काळजी नाही आणि हात भाजलाय, हे दोन्ही तो एकाच दमात बोलला. चित्रकाराने पेन खाली ठेवला, पुन्हा उचलला, टोपण शोधलं, ते सापडेना म्हणून तसाच उठला आणि उघडा पेन शर्टाच्या खिशात खोचून बाहेर पडला. बसमध्ये बसल्यावर खिशावर काळा डाग पसरत गेलेला त्याला दिसला, पण तो पुसायचंही त्याला सुचलं नाही.

ही लाँड्री साधीसुधी नव्हती. गावातल्या सगळ्या हॉस्पिटलांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. चार महिन्यांपूर्वी त्यांनी इस्त्रीचं नवं मशीन आणलं होतं. खोलीच्या रुंदीएवढा लोखंडी रूळ, आतून तापवलेला. एका बाजूने ओली चादर आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर यायची. कधीमधी चादर आत गुंडाळली जायची. तेव्हा नेमकं काय करायचं हे कामगारांना समजावून देणं भाग होतं. कामगार चार ठिकाणांहून आलेले, चार भाषा बोलणारे, त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. मॅनेजरच्या घरी ते साप्ताहिक यायचं. त्याने विचार केला, शब्दच नकोत, चित्रं काढून घेऊ. चित्र काय, कुणालाही कळतं.

चित्रकाराला त्या वेळी केवढा आनंद झाला होता! इतकी वर्षं लोकांनी त्याला विचारलं होतं, "अजून तेच का, कुत्री-मांजरं?" आता त्याची चित्रं मोठ्या माणसांच्या कामाची होणार होती.

मॅनेजरच्या केबिनला मोठी काच होती. काचेपलीकडे मशीन बंद उभं होतं आणि शेजारच्या भिंतीवर चित्रकाराच्या सहा चौकटी, प्लास्टिकमध्ये बंद करून लावलेल्या. तीन वर, तीन खाली. पहिलीत गोल चेहऱ्याची एक कामगार बाई, रुळात अडकलेली चादर पाहून दचकलेली; डोक्याभोवती आश्चर्याच्या रेघा. दुसरीत तिच्या कपाळावरून घामाचे टपोरे थेंब उडताहेत, म्हणजे ती घाबरली. तिसरीत तिच्या डोक्यावर पिवळाधमक बल्ब पेटलाय, म्हणजे युक्ती सुचली. चौथीत ती मशीनचं बटण दाबते. बटणाभोवती टोकदार चांदणी, म्हणजे खट्कन आवाज झाला. पाचवीत रुळापुढची संरक्षक जाळी उचलून, हात घालून चादर काढते. सहावीत हसते, आणि भोवती आनंदाच्या चांदण्या.

"थोरली म्हणतात तिला सगळे," मॅनेजर म्हणाला. "धाकटी बहीणही इथेच आहे. एकजण चादर सरकवते, दुसरी पलीकडून घेते. परवा चादर अडकली आणि या बाईने चालू मशीनमध्ये हात घातला. तळवा आणि दोन बोटं भाजली. आता तुम्हीच सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे? डोक्यावर बल्ब म्हणजे आयडिया. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला कळतं."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, चित्रात होतं तसंच केलं." मॅनेजरने एक कागद पुढे सरकवला. "चौकशी आहे. चित्रं स्पष्ट आहेत, दिलेल्या माहितीप्रमाणे काढली आहेत, एवढंच लिहिलंय. सही करा, म्हणजे तुम्ही सुटलात आणि आम्हीही."

"आणि ती?"

"नियम पाळला नाही तर कामावर कसं ठेवणार?"

चित्रकाराने कागद तीनदा वाचला. त्यात एकही चुकीचा शब्द नव्हता. तरी त्याचा हात पुढे होईना. उद्या करतो म्हणाला, कागदाची घडी घालून खिशात टाकली, आणि बाहेर आल्यावर घराच्या उलट्या दिशेला चालायला लागला. तीन चौक ओलांडल्यावर त्याच्या ते ध्यानात आलं.

घरी ताई होती. त्याची मोठी बहीण, कोर्टात टायपिस्ट म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेली. भावाची दोन पानं ती दर आठवड्याला इमानेइतबारे वाचायची आणि दर आठवड्याला विचारायची, "यात आधी कुठला फुगा वाचायचा रे?" गुप्तहेर बोलायच्या आधी ती चोराचं उत्तर वाचून टाकायची आणि मग सगळी गोष्टच तिला बावळट वाटायची. चित्रकार यावर नेहमी हसायचा.

आज तो हसला नाही. स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर, त्याच्या येरझाऱ्या चालू झाल्या. चहा ओतून घेतला आणि कप तिथेच विसरला. खुर्चीवर बसला, लगेच उठला. ताईने पाच मिनिटं सहन केलं.

"अरे, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? शर्टाला शाई, तोंड उतरलेलं. झालंय तरी काय?"

त्याने सांगितलं. कागदही दाखवला. ताईने चष्मा लावून तो वाचला.

"मग? चित्रं बरोबर आहेत ना?"

"बल्ब म्हणजे आयडिया हे कळायला हवं तिला."

"मी ते नाही विचारलं."

तो खिडकीपाशी थांबला. पाठ फिरवूनच बोलला. "चौथ्या आणि पाचव्या चौकटीच्या मध्ये काहीतरी राहिलंय."

राहिलं नव्हतं, त्याने काढून टाकलं होतं. मशीन बसवायला आलेल्या मेकॅनिकने त्याला स्वच्छ सांगितलं होतं, की बटण दाबल्यावर रूळ थांबतो, पण थंड व्हायला दहा मिनिटं लागतात, तोवर जाळी उचलायची नाही. चित्रकाराने पेन्सिलीने सातवी चौकट काढलीही होती. वाट बघत उभी असलेली बाई. पण वर तीन, खाली तीन असा कागद छान भरला होता, आणि ही सातवी पुढे आलेल्या दातासारखी दिसायला लागली. शिवाय नुसती उभी बाई. काही घडतच नाही. गोष्टीचा वेग मेला. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत वेळ असतोच की, वाचक आपोआप घालतो, असं त्याने स्वतःला समजावलं. त्याचा गुप्तहेर त्याच पट्टीत नदी ओलांडायचा, रात्र काढायचा, वेष बदलायचा. एकाही मुलाने कधी तक्रार केली नव्हती. त्याने रबर घेतला आणि दहा मिनिटं पुसून टाकली.

"हे मॅनेजरला माहीत आहे?" ताईने विचारलं.

"कुणालाच माहीत नाही. सगळे त्या बल्बवरच अडलेत. खरं म्हणजे सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटेल आणि मी सहीसलामत सुटेन."

ताईने कागद टेबलावर ठेवला आणि वर त्याचाच थंड झालेला कप ठेवला. "मी तीस वर्षं लोकांच्या जबान्या टाइप केल्या. सहीच्या आधी माणसाला त्याची जबानी वाचून दाखवतात. बरोबर आहे का विचारतात. तुझी चित्रं लावायच्या आधी त्या बायकांना कुणी विचारलं, काय वाचलंत म्हणून?"

"चित्रं होती, ताई. त्यात वाचायचं काय?"

"मला नाही बाबा कळत तुझी चित्रं. मी वेडी का?"

तो उठून कपाटात त्या चौकटींची जादा प्रत शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सहा चौकटींची जादा प्रत घेऊन बहिणींच्या खोलीवर गेला. तिसरा मजला, दोन पलंग, एक खिडकी, खिडकीत वाळत घातलेले अॅप्रन. दार धाकटीने उघडलं. तिशीची, काटक, डोळ्यांखाली जागरणाचे काळे डाग.

"तुम्हीच का ते चित्रवाले?" तिने दार अर्धंच उघडं ठेवलं. "आता काय, बँडेजचं चित्र काढायला आलात?"

"येऊ दे गं त्यांना," आतून आवाज आला.

थोरली पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात मनगटापासून पांढऱ्या पट्टीत. त्याने वाटेत माफीची दोन वाक्यं तयार केली होती, ती त्याला आठवेनात. त्याने नुसता कागद तिच्यापुढे धरला.

"बाई, तुम्हाला यात काय दिसतं ते मला सांगाल? चूक-बरोबर काही नाही. फक्त काय दिसतं ते."

तिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. मग डाव्या हाताचं बोट पहिल्या चौकटीवर ठेवलं.

"ही बाई. चादर अडकलीय. इथे तिला घाम येतोय, म्हणजे मशीन तापलंय. आम्हालाही असाच येतो." बोट पुढे सरकलं. "मग दिवा लागला."

"कुठला दिवा?"

"कुठला म्हणजे? मशीनचा. पिवळा."

चित्रकार तिच्याकडे बघतच राहिला. मशीनच्या खांबावर, बाईमाणसाच्या डोक्याच्या हातभर वर, एक पिवळा दिवा होता. त्याने स्वतः तो पाहिला होता. रूळ पुरेसा तापला की तो लागायचा. त्याच्या चित्रातला बल्ब नेमका तितक्याच उंचीवर होता आणि तितकाच पिवळा होता.

"चादर अडकली तेव्हा दिवा नव्हता लागलेला," थोरली सांगत होती. "मी थांबले. मला वाटलं, दिवा लागला की मग हात घालायचा. चित्रात तसंच आहे ना, आधी दिवा, मग हात. लागला, तसा घातला."

"आणि मधलं हे? हे बटण?"

"ते कुठे दिसतंय बटण? ती ठिणगी आहे. बटणातून ठिणगी उडते म्हणून काढलंय ना, की इथे हात लावू नका? म्हणून मी नाही लावला."

थोरलीने शेवटच्या चौकटीकडे पाहिलं, गोल चेहऱ्याच्या बाईभोवतीच्या चांदण्यांकडे, आणि तिला हसू आलं.

"इथे तिला चांदण्या दिसल्या. ते मात्र अगदी खरं काढलंय तुम्ही."

धाकटीही हसली, आणि हसता हसता एकदम रडायला लागली. चित्रकाराला कुठे बघावं कळेना. तो उठून उभा राहिला, खिडकीपर्यंत गेला, परत आला.

"तुमची चूक नाही," तो म्हणाला. "आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही सगळं मला हवं तसं वाचलं असतं ना, तरीही हात भाजलाच असता."

मग त्याने पुसलेल्या चौकटीबद्दल सांगितलं. काही न लपवता सांगितलं. थोरली ऐकत राहिली. तिने शिवी दिली नाही, की जाऊ दे असंही म्हटलं नाही. फक्त पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताने उचलून उशीवर ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तिथून तो आधी घरी गेला आणि दुपारी लाँड्रीत. मॅनेजरच्या कागदाखाली त्याने सही केली नाही. आपला कागद लिहून आणला होता, ताईने जुन्या टाइपरायटरवर टाइप करून दिलेला. त्यात तीन वाक्यं होती. चित्रातला बल्ब आणि मशीनचा दिवा यांत फरक करता येत नाही. चांदणीमुळे बटण झाकलं गेलं आहे. रूळ थंड होण्याची दहा मिनिटं मला सांगितलेली असूनही मी दाखवली नाहीत.

मॅनेजरने ते वाचलं आणि खुर्ची मागे ढकलली. "हे काय करताय तुम्ही? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. तुम्हाला पुन्हा कोण काम देईल?"

"नका देऊ. पण हे आजच्या आज उतरवा." चित्रकाराने काचेतून भिंतीकडे बोट केलं. "पुढच्या पाळीत मशीन चालू होणार आहे."

मॅनेजर उठला नाही. तेव्हा चित्रकार स्वतःच केबिनमधून बाहेर पडला, मशीनजवळ गेला आणि नखांनी चिकटपट्टी सोलायला लागला. प्लास्टिक निघता निघेना. चार कामगार बायका हातातलं काम सोडून बघत राहिल्या. शेवटी पुढच्या पाळीला नुकत्याच आलेल्या धाकटीने कात्री आणून दिली.

चौकशीत तो कागद वाचला गेला. थोरलीची नोकरी राहिली. हात बरा झाला की तिला शिवणविभागात घ्यायचं ठरलं, फाटक्या चादरी दुरुस्त करायला. चित्रकाराला मॅनेजरने कळवलं की यापुढे त्याच्या सेवेची गरज नाही. पण नवी चित्रं तर लागणारच होती, आणि दुसरा कुणी मिळेपर्यंत भिंत कोरी होती. धाकटीने मॅनेजरला तोंडावर सांगितलं, "ज्याला काय चुकलं ते कळलंय, त्याच्याकडूनच काढून घ्या. नवा माणूस नव्याने चुकेल." मॅनेजरला हे पटलं की त्याच्या नाकी नऊ आले होते, देव जाणे; पण त्याने हो म्हटलं.

मग नऊ दिवस चित्रकार दुपारच्या सुट्टीत लाँड्रीच्या कँटीनमध्ये बसला. एकेक चित्र दाखवायचं, "काय दिसतं?" विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड होतं. बाईने काही भलतंच सांगितलं की त्याची जीभ वळवळायची. अहो तसं नाही, असं म्हणायला तो तोंड उघडायचा आणि मिटायचा. टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलत असायचा.

घाम काढून टाकला. चांदण्या काढून टाकल्या. बटण मोठं, लाल, एकटं काढलं, आणि त्यावर एक अंगठा. ते मात्र सगळ्यांना कळलं. दिवा खांबावर गेला, विझलेला. पण दहा मिनिटं काही केल्या चित्रात येईनात. त्याने घड्याळ काढलं. एक बाई म्हणाली, सुट्टी झाली. दुसरी म्हणाली, उशीर झाला म्हणून पगार कापला. त्याने वाळूचं घड्याळ काढलं. ती कसली बाटली आहे, असा तिघींनी प्रश्न केला. त्याने रुळावरची वाफ हळूहळू विरताना काढली, तर एकीला तो आगीचा धूर वाटला. सातव्या दिवशी त्याने चिडून कागद चुरगाळला.

"मला एवढंच दाखवायचंय की ती थांबलीय! काही करत नाहीये! सव्वीस वर्षं मी माणसांना पळवलं, थांबवायचं कसं ते मला माहीतच नाही."

धाकटी समोर पाव खात होती. ती खाता खाता म्हणाली, "तिला बसवा की."

"काय?"

"बसलेली काढा. स्टुलावर. आमच्यापैकी कुणी बसलेलं दिसलं तर त्याचा अर्थ एकच. मशीन बंद आहे. नाहीतर इथे बसू कोण देतं?"

सगळं टेबल खदखदून हसलं. चित्रकाराने मात्र तिथल्या तिथे पेन्सिल काढली. मशीन, विझलेला दिवा, आणि पुढे स्टुलावर बसलेली बाई, हात मांडीवर. शेजारच्या चौकटीत तीच बाई, तशीच, पाणी पिताना. त्याच्या शेजारी पुन्हा तीच, तशीच बसलेली. तीन चौकटींमध्ये काहीच घडत नव्हतं. त्याने कागद दुसऱ्या टेबलावरच्या एका नव्या मुलीपुढे ठेवला. ती दोन दिवसांपूर्वी कामाला लागली होती आणि तिची भाषा त्याला येत नव्हती. मुलीने चित्र पाहिलं, मशीनकडे हात दाखवला, मान आडवी हलवली, आणि स्वतः बाकावर हात मांडीवर घेऊन बसून दाखवलं.

मॅनेजरने नवा कागद पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "कामगार बाई बसलेली दाखवायची? तीही तीन तीनदा? साहेब लोक पाहणीला येतात इथे."

"मग त्यांना हात घातलेला दाखवूया," चित्रकार म्हणाला.

कागद लागला. वर चार, खाली चार, आणि एक खालीच लोंबकळणारी. अजिबात देखणा नव्हता तो. मशीनशेजारी एक स्टूलही आलं; चित्रात आहे आणि खरोखर नाही, असं चालणार नाही, म्हणून बायकांनी ते भांडून आणवलं.

चित्रकाराच्या जिवाला तरी चैन पडेना. साप्ताहिकाची पानं काढताना तो गुप्तहेराच्या डोक्यावर बल्ब काढायला जायचा आणि अडायचा. संपादकाने विचारलं, हल्ली तुमचा गुप्तहेर फार विचार करत उभा राहतो, आजारी आहे का? दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून तो लाँड्रीत डोकावायचा. कागद सरळ आहे ना, रंग उडाला नाही ना. धाकटी वैतागून म्हणाली, "तुम्ही आलात की आम्हालाच वाटायला लागतं, आज काहीतरी बिघडणार."

दोन महिन्यांनी थोरली कामावर आली त्या दिवशी तो तिथेच होता. तिची पट्टी सुटली होती. दोन बोटं पुरती मिटत नव्हती. ती शिवणविभागाकडे जाता जाता भिंतीपाशी थांबली आणि डाव्या हाताचं बोट चौकटींवरून फिरवत तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, अगदी हळू, मनातल्या मनात. चित्रकार दारापाशी अवघडून उभा होता.

"आता कळतंय," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "आधी का नाही विचारलंत?"

"मला वाटलं, हे सगळ्यांनाच कळतं."

तिने मान हलवली. त्यात राग होता की नव्हता, त्याला ठरवता आलं नाही. ती आत गेली, शिलाई मशीनपुढे बसली आणि फाटलेली चादर सुईखाली धरली. न मिटणाऱ्या बोटांमुळे कापड निसटलं आणि पहिली शिवण वाकडी गेली. तिने ती उसवली. चित्रकाराला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण तो उभा राहिला, तिने दुसऱ्यांदा कापड धरेपर्यंत आणि मशीनचा आवाज सलग येऊ लागेपर्यंत.